सपाट की खोल

सेगेद, ३ मार्च १९९७

प्रिय योलानआत्या,

तुझं पत्र जानेवारीत आलं आणि आज मार्चची तीन तारीख आहे, हे मला माहीत आहे. कारणं सांगत बसत नाही. म्हणजे सांगतोच. पहिलं उत्तर मी तिसा नदीवर वाळू वाहणाऱ्या एका पडावावर, म्हणजे बोटीवर, लिहायला घेतलं, वखारीला थंडीची सुट्टी होती तेव्हा मी तिथे स्वयंपाकी होतो. माशांच्या रश्शात लाल मिरची किती घालावी यावरून पडावाच्या मालकाचं आणि माझं वाजलं, आणि उतरताना कागद वरच राहिला. दुसरं उत्तर अर्धं झालं होतं, तर भोपळ्याच्या बिया विकणाऱ्या एकाच्या मागे मी आडरस्त्याने सुबोतित्साला गेलो, मग तो कागद रस्त्यातच राहिला. तिसऱ्या वेळी कागद होता, पेन होतं, मीच नव्हतो. हे चौथं.

खरं कारण वेगळंच आहे. तू लिहिलंस की नादफाल्व्यात अखेर ड्रेनेजची लाइन आली, एप्रिलअखेर ती तुझ्या गल्लीत पोचेल, परसातला लाकडी संडास बुजवायचा आणि जॅमच्या बरण्यांची खोली रिकामी करून तिथे घरातला संडास करायचा. आणि पुढे, ‘तू हल्ली संडासच्या भांड्यांच्या वखारीत आहेस असं कळतं, तर कुठलं घेऊ ते सांग.’ आत्या, सव्वीस वर्षांत घरातल्या कुणी मला सल्ला विचारलेला नाही. त्या धसक्यातच दोन महिने गेले.

तर आता सल्ला. आमच्या वखारीच्या मालकीणबाई, गिझेलाबाई, यांच्या अंगणात चाळीस भांडी उघड्यावर ओळीने मांडलेली आहेत. चिमण्या त्यातून पाणी पितात. दोन जाती आहेत. सपाट आणि खोल. सपाटात आत एक पायरी असते, बशीएवढी. माणसाचं जे काही असेल ते त्या पायरीवर येऊन थांबतं, दर्शन देतं, मग साखळी ओढली की पाणी त्याला पुढच्या भोकात ढकलतं. खोलात पायरी नाही. पडलं की थेट पाण्यात, विषय संपला. म्हातारी माणसं येतात ती सपाट मागतात. चष्मा लावून पायरी बघतात, टिचकी मारतात, टरबूज घेताना मारतात तशी. कालच एक आजोबा मला म्हणाले, ‘पोरा, रोज सकाळी डॉक्टरकडे फुकट जाऊन आल्यासारखं असतं ते.’ आपल्याकडे सगळे बघतातच, उगाच नाही म्हणू नकोस. तरुण मंडळी मात्र खोल नेतात, वास नको म्हणून. नेल्यावर आठवडाभराने परत येतात आणि हळूच विचारतात की हे पाणी उलट उडतं, त्यावर काही उपाय आहे का. आहे. आधी कागदाचा तुकडा टाकायचा.

दुसरी गोष्ट शेपटाची. काही भांड्यांचा पाइप खालून जमिनीत जातो, काहींचा मागून भिंतीत. हे चुकलं तर भांडं खोलीभर फिरवलं तरी बसत नाही. मागच्या आठवड्यात एकाने चुकीचं नेलं, आता त्यात त्याची बायको फुलझाडं लावते. छान दिसतात म्हणे. तेव्हा गवंड्याला विचार, भोक जमिनीत की भिंतीत.

माझ्या मते तुला सपाट, पांढरं, टाकी वर, साखळी लांब. कळव.

तुझा,
बोटोंद


नादफाल्वा, ११ मार्च

बोटोंदा,

जिवंत आहेस हे कळलं. तुझ्या बापाला मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं की तिसा गोठली असली तरी पोरगा गोठला नसेल, तो एका जागी तेवढा वेळ उभा राहत नाही.

सपाट नको. खोल पाठव. कारण वास.

भोकाचं बोदी गवंड्याला विचारलं. तो म्हणतो, आधी भांडं सांगा मग भोक सांगतो. तू म्हणतोस, आधी भोक सांगा मग भांडं सांगतो. तुमच्या दोघांच्या मधे मी जर्दाळूच्या त्रेसष्ट बरण्या पलंगाखाली घेऊन झोपते आहे. कूस बदलली की किणकिणतं.

आणखी एक. काल्मान डॉक्टर आठवतात का, गुरांचे? आपल्या रोझी गाईचं पोट फुगलं होतं तेव्हा आले होते, उंच, बोलताना वर छताकडे बघणारे. आता निवृत्त झाले. मोहाचला चौथ्या मजल्यावर एकटे राहतात, पत्नीला जाऊन बारा वर्षं झाली. बुधवारी माझ्याकडे जेवायला असतात. त्यांचं मत सपाट असं आहे. त्यांच्या मताचा काय संबंध, असं तू विचारशील. काही संबंध नाही, सहज लिहिलं. तसे सज्जन आहेत. नाताळात मला एक वही दिली, जाड पुठ्ठ्याची, वर माझं नाव सुंदर अक्षरात घातलेलं. मी तिच्यात अजून काही लिहिलेलं नाही.

फोन करू नकोस. टपालकचेरीतली बाई सगळं ऐकते आणि माझ्या संडासातलं गावाला माझ्या आधी कळतं.

पोटभर जेव. भोपळ्याच्या बिया म्हणजे जेवण नव्हे.

योलानआत्या


सेगेद, ३१ मार्च, ईस्टरचा सोमवार

प्रिय आत्या,

या वेळी फक्त वीस दिवस लागले.

आज सकाळी ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे गिझेलाबाईंच्या डोक्यावर अत्तर शिंपडून आलो, त्यांनी रंगवलेलं अंडं दिलं आणि वखार माझ्यावर सोपवून बहिणीकडे गेल्या. मग मी अभ्यासाला बसलो. शब्दशः बसलो. चाळीसपैकी सतरा भांड्यांवर, कपडे घालून, प्रत्येकावर सरासरी पाच मिनिटं. बाराव्यावर झोप लागली. ते सपाट होतं. खोलात माणूस जरा सावध बसतो, विहिरीच्या काठावर बसल्यासारखा. म्हणून म्हणतो, तू पुन्हा विचार कर. वास म्हणशील तर खिडकी उघड. त्या खोलीला जॅमच्या वेळची खिडकी आहेच की.

पण मला काळजी वेगळीच लागली. तो गुरांचा डॉक्टर. आत्या, तू गावातली, तुला हे धंदे माहीत नाहीत, मी आता या लाइनीत पाच महिने काढलेत. आधी वही येते, जाड पुठ्ठ्याची, वर नाव घातलेली. मग जेवायला येणं होतं. मग मत येतं. मग ऑर्डर. तो मोहाचच्या कुठल्यातरी दुकानाचा एजंट आहे आणि त्याच्याकडे सपाटाचा माल पडून आहे. आमच्याकडे असे चारजण येतात, चारही निवृत्त, चारही सज्जन. एकाने तर गिझेलाबाईंना कॅलेंडर आणि हंस दिला होता.

तू घाबरू नकोस. मी त्याला परवाच सरळ पत्र टाकलं आहे. पत्ता नव्हता, ‘काल्मान, गुरांचे माजी डॉक्टर, मोहाच, चौथा मजला’ असं घातलं. पोचेल. लिहिलं की आमच्या आत्याच्या संडासात तुम्ही नाक खुपसू नका, तिच्या मागे तिचा भाचा उभा आहे आणि तो या विषयातला जाणकार आहे.

पुढच्या महिन्यात मी कदाचित त्रिएस्तला जाईन. किंवा नाही. एक माणूस भेटलाय, तो दीपगृहं रंगवतो.

तुझा,
बोटोंद


मोहाच, ५ एप्रिल

श्री. बोटोंद यांस,

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमन चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांतून फिरून माझ्याकडे आला, त्यामुळे ते बहुतेकांना मिळालं.

मी कुणाचाही एजंट नाही. चाळीस वर्षं मी या भागातल्या गुरांची सेवा केली. गाय आपलं दुःख सांगत नाही. तिची मान, डोळे, कान सगळे खोटं बोलू शकतात. सत्य एकाच बाजूने बाहेर येतं आणि ते बघायची लाज वाटणाऱ्याने या धंद्यात येऊ नये. माणसाचंही याहून वेगळं नाही.

ती वही आत्यांनी तुम्हाला कशी सांगितली मला ठाऊक नाही. तेव्हा मी सांगतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी योलानबाईंना विचारलं की उरलेली वर्षं एका घरात काढू का. त्या हो म्हणाल्या. माझा फ्लॅट पुतणीला द्यायचा आणि जूनमध्ये मी नादफाल्व्याला जायचं असं ठरलं. त्या वेळी मी त्यांना ती वही दिली. अंगठी कुणीही देतं. माझी स्वतःची वही अकरा वर्षांची आहे. रोजची नोंद, रंग, घट्टपणा, शेरा. १९८९ च्या ऑक्टोबरात राजवट बदलून सगळा देश उलटापालटा होत होता तेव्हाही माझ्या वहीत ‘यथास्थित’ आहे. दोन वह्या शेजारी शेजारी असाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. मला वाटलं, त्यांना अर्थ कळला.

मग त्यांनी खोल भांड्याचा विषय काढला.

तुम्ही तरुण आहात आणि उद्धट आहात, तरी लिहितो. आमच्या मागच्या घरात खोल भांडं होतं. माझ्या पत्नीने हौसेने बसवलं होतं, नवीन पद्धतीचं म्हणून. मी रोज दहा गावांच्या गोठ्यांत वाकून बघत हिंडत होतो आणि माझ्याच घरात काय चाललंय ते पाणी गिळत होतं. तिचा आजार कळला तेव्हा सहा आठवडे उरले होते. तसल्या घरात मी दुसऱ्यांदा राहणार नाही. हे मी योलानबाईंना स्पष्ट सांगितलं आहे. त्यांनी खोल बसवलं तर मी जूनमध्ये येणार नाही. त्यांनी कारण दिलं ते वास. चाळीस वर्षं गोठ्यात काढलेल्या माणसाला वासाचं कारण देऊ नये.

तुम्ही जाणकार आहात असं म्हणता. मग त्यांना समजवा.

काल्मान


नादफाल्वा, ९ एप्रिल, बुधवार

बोटोंदा,

तुला कुणी सांगितलं होतं?

आज डॉक्टर जेवायला आले. सूप झाल्यावर त्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं, चष्मा लावला आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘नाक खुपसू नका’ इथे दोनदा थांबले. मग खसखशीच्या शेवया समोर ठेवल्या तर म्हणाले, एजंटांना गोड चालत नाही. मी म्हटलं, चालतं, कमिशनमधून वळतं करून घेईन. तेव्हा कुठे खाल्लं, तेही छताकडे बघत.

बरं, वहीचं तुला त्यांनी लिहिलं, मी लपवलं होतं. एकोणसत्तराव्या वर्षी मागणी येते आणि तीही असल्या वहीने, हे भाच्याला कुठल्या तोंडाने लिहू? ईस्टरला आले होते, माझ्या केसांवर अत्तर शिंपडलं, थोडं जास्तच शिंपडलं, दोन दिवस मी न्हाव्याच्या दुकानासारखी हिंडत होते. मला माणूस हवा आहे, बोटोंदा. तुला लिहिताना लाज वाटते पण हवा आहे. बुधवारी मी सकाळपासून सारखी खिडकीत जाते.

पण सपाट नको.

तू लहान होतास, तुला आमच्या ह्यांचं, तुझ्या बेर्चीकाकांचं शेवटचं आठवत नसेल. हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं होतं, रोज बघत जा, लाल दिसलं किंवा काळं दिसलं तर यायचं. परसात जायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून घरातच पांढरं एनॅमलचं भांडं ठेवलं होतं. रोज सकाळी मी ते खिडकीशी उजेडात नेऊन बघायची. ते पलंगावरून माझ्या पाठीकडे बघत असायचे. मी वळून म्हणायची, आज बरं दिसतंय. दोन वर्षं, बोटोंदा. सातशे सकाळी मी त्या भांड्यात बघून खोटं बोलले. बघून काही झालं नाही. नुसतं त्यांच्या आधी मला कळलं. ते गेल्यावर भांडं मी डॅन्यूबमध्ये टाकलं, आणि परसातल्या संडासाचा खड्डा काळाकुट्ट होता, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी बरी वाटली. आता पायरीवाल्या पांढऱ्या भांड्यासमोर मला पुन्हा उभी करू नका.

हे डॉक्टरांना सांगायचं नाही. सांगितलंस तर ते मला समजून घेतील, आणि समजून घेणाऱ्या माणसासमोर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बोदीने शेवटी तोंड उघडलं. भोक जमिनीत. २८ तारखेला, सोमवारी, तो काँक्रीट ओततो आणि त्याच दिवशी भांडं बसलं पाहिजे. त्यानंतर तो मुलीच्या लग्नासाठी महिनाभर जातो. दोन भांडी शेजारी शेजारी बसवू का, असंही त्याने विचारलं. खोली दीड ढांग रुंद आहे. मी म्हटलं, आम्ही काय टांग्यातून फिरायला निघालोय?

योलानआत्या


सेगेद, १२ एप्रिल

आदरणीय काल्मानकाका,

एजंट म्हटलं ते मागे घेतो. आमच्याकडे येणारे चौघे तुमच्यासारखे नाहीत, आता विचार केल्यावर कळतं. तुमच्या शेजाऱ्यांनाही तसं सांगा.

आत्याने मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची नाही असं बजावलंय, म्हणून मी सांगत नाही, लिहितो. नाहीतर मी त्रिएस्तला गेलो की ती गोष्ट कुणाच्या लक्षातही राहणार नाही आणि तुम्ही दोघं आयुष्यभर वासावर बोलत बसाल.

कारण वास नाही. तिच्या नवऱ्याला पोटाचा आजार होता तेव्हा ती दोन वर्षं रोज सकाळी एक पांढरं भांडं खिडकीशी नेऊन बघायची आणि वळून त्याला ‘आज बरं दिसतंय’ म्हणायची. बरं दिसत नसायचं. तिला पायरी नको आहे ती यासाठी. तिने बघितलं आणि तुम्ही बघितलं नाहीत, आणि दोन्ही घरांतलं माणूस गेलंच. यातून काय निघतं ते मला कळत नाही. मी शाळेत गेलो तेव्हा बहुतेक खिडकीतून बाहेर असायचो. तुम्ही डॉक्टर आहात.

ती खोल मागते आहे. तुम्ही सपाट म्हणता. माझ्या अंगणात दोन्ही आहेत आणि सोमवारी २८ तारखेला बोदी काँक्रीट ओततो. मला भांडी कळतात, माणसं तेवढी नाही.

हे पत्र वाचल्यावर चुलीत घाला. चौथ्या मजल्यावर चूल नसेल तर खोल भांड्यात, असं लिहिणार होतो, पण तुमचं सपाट आहे.

आपला,
बोटोंद


नादफाल्वा, १७ एप्रिल

बोटोंदा,

काल बुधवार होता. डॉक्टर आले नाहीत.

कोंबडीचं सूप केलं होतं, त्यांना आवडतात तसे यकृताचे छोटे गोळे घालून. बारा वाजता भोंगा झाला, साडेबाराची बस आली, तिच्यातून टपालकचेरीवाली उतरली आणि एक बकरी. मी दोनपर्यंत टेबल मांडून ठेवलं. मग दोघांचं सूप एकटीने खाल्लं, फेकायचं नाही म्हणून, आणि संध्याकाळी पोट दुखलं. ते असते तर त्यांनी विचारलं असतं, कसं दुखतंय, कुठे दुखतंय, सकाळी काय दिसलं. मला त्या विचारण्याची सवय झाली आहे असं काल लक्षात आलं. तीन महिने मी त्यांच्यावर त्याच प्रश्नासाठी चिडत होते.

निरोप नाही, चिठ्ठी नाही. चुकून कधी बुधवारी त्यांना गावाला जावं लागलं तर आदल्या शनिवारी पोस्टकार्ड टाकणारा माणूस. म्हणजे त्यांचं ठरलं. मी खोल म्हटलं, ते आले नाहीत, संपलं.

मी रात्री नाही, आज सकाळी शांत डोक्याने ठरवलं. सपाट पाठव. पांढरं, खालून निघणारं. बोदीला सांगितलं आहे. पायरीवर मी वर्तमानपत्राची घडी टाकत जाईन, तशी तालुक्याच्या शाळेतल्या बायका टाकतात. आणि मी वर बघत बसेन. बोदी म्हणाला, छताला निळा रंग देतो, वर बघायला काहीतरी असावं. मी म्हटलं, त्यात एक बगळा काढ. तो म्हणतो बगळा येत नाही, बदक जमेल. बदक चालेल.

त्यांना वही लिहायची असेल तर ते लिहोत, मी विचारणार नाही, त्यांनीही मला वाचून दाखवायचं नाही. एवढी अट घालीन. ते यायचेच नसले तरी त्यांना कळेल की घरात पायरी आहे. खोल भांड्यात एकटीनेच पाणी बघत बसायचं, त्यापेक्षा हे.

२८ च्या सोमवारपर्यंत पोचलं पाहिजे. उशीर करू नकोस. आयुष्यात एकदा उशीर करू नकोस.

योलानआत्या


सेगेद, २२ एप्रिल

प्रिय आत्या,

पत्र काल आलं आणि आज लगेच लिहितो आहे, ही तारीख जपून ठेव.

तुझं भांडं बांधून तयार आहे. सपाट, पांढरं, खालून निघणारं. गिझेलाबाईंनी स्वतः निवडलं, आत पाणी ओतून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, यावर बिशप बसला तरी तक्रार नाही. मी ते पेंढ्यात घातलं, वर दोन पोती शिवली, त्यावर ‘नादफाल्वा, योलानबाई, नाजूक’ असं लिहिलं. शनिवारी पेचकडे आमचा ट्रक जातो. ड्रायव्हर वाटेत तुझ्या दारात उतरवेल, त्याला जर्दाळूची एक बरणी दे, तो त्या बोलीवरच वाट वाकडी करतोय. त्रिएस्तचं मी पुढे ढकललं. दीपगृहवाला माणूस एका विधवेकडे जेवायला गेला तो परतलाच नाही.

आता एक कबूल करायचं आहे, आणि ते मी भांडं बांधून झाल्यावर करतो आहे म्हणजे तू ते परत पाठवणार नाहीस. डॉक्टर बुधवारी आले नाहीत, त्याला खोल भांडं कारण नाही. मी कारण आहे. तू सांगू नकोस म्हणालीस ते मी बाराव्या तारखेला त्यांना सगळं लिहून टाकलं. खिडकी, पांढरं भांडं, आज बरं दिसतंय, सगळं. पत्र त्यांना मंगळवारी मिळालं असणार आणि बुधवारी ते आले नाहीत. मला वाटलं होतं, वाचतील आणि धावत येतील. मला माणसं कळत नाहीत हे मी त्याच पत्रात लिहिलं होतं, निदान तेवढं तरी खरं ठरलं. तुला जे नको होतं तेच केलं. रागाव. पण सपाट घेऊ नकोस असं मला आता वाटतं, बदक काढलं तरी. तू सातशे दिवस बघितलंस, आणखी किती बघणार? हवं तर पोती उसवून आत खोल घालतो, तू एक तार कर, शुक्रवारपर्यंत

मधेच थांबलो. गिझेलाबाईंनी खिडकीतून हाक मारली की कुणीतरी फाटकात उभं आहे आणि आत येत नाही.

आत्या, काल्मान डॉक्टर आलेत. फेरीने नदी ओलांडली, बाया गावात बस बदलली, इथे स्टँडवरून चालत आले. काळा कोट, टोपी, खांद्यावर गुरं बांधायची जाड दोरी. मला म्हणाले, “बोटोंद तुम्हीच का? पत्रावरून मी तुम्हाला जरा जाड समजलो होतो.” मी म्हटलं, “काका, आत जेवून घ्या आधी.” ते म्हणाले, “जेवण बुधवारी. मागच्या बुधवारी मला त्यांच्यासमोर बसून सूप पिण्याची हिंमत झाली नाही. ते खोल कुठलं ते दाखवा.”

मी सांगितलं की तू सपाट मागवलं आहेस, बांधून तयार आहे, हे काय समोर पोत्यात. त्यांनी पोत्यावरचं तुझं नाव बोट फिरवत वाचलं. मग म्हणाले, “त्यांनी हे मागवलं?” मी म्हटलं, हो. “माझ्यासाठी?” मी म्हटलं, हो, आणि वर बघायला छत निळं करून घेताहेत. त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि दोरी खाली टाकली. “सोडा ते पोतं,” म्हणाले. “खोल आणा. ट्रकबिक नको, उद्या बुधवार आहे. बसमध्ये मी मांडीवर घेऊन बसेन.”

गिझेलाबाई त्यांना समजावताहेत की ते बावीस किलो आहे. ते म्हणताहेत, वासरू चाळीस किलोचं असतं आणि लाथा मारतं.